साडूच्या खणातल्या सात फायली

माझा साडू चांगला माणूस आहे, हे मला गेली सव्वीस वर्षं कोणी ना कोणी सांगत आलंय. बायको सांगते, सासूबाई सांगतात, बंदरातले ड्रायव्हर सांगतात, गाड्या सोडवायला आलेले अनोळखी लोकही जाताजाता सांगून जातात. मी कधी नाही म्हटलेलं नाही. चांगला आहेच तो. पण चांगल्या माणसाच्या शेजारच्या खिडकीत वर्षानुवर्षं बसून बघा, मग बोलू.

आमचं काम काय ते आधी सांगतो, नाहीतर माझं दुखणं कळायचं नाही. आमच्या बंदरात गाड्यांचं जहाज लागतं. रॅम्प खाली पडला की ड्रायव्हर एकेक गाडी उतरवून यार्डात रांगेने लावतात. गाडी परदेशातून आली म्हणून कोणी तिच्यात बसून सरळ घरी जाऊ शकत नाही. आधी बंदरात तिची नोंद व्हावी लागते. कस्टमचा कागद, जहाजाची पावती, तिकडचं नोंदणीपुस्तक, विमा, धुराचा दाखला, एवढं सगळं जमलं की तात्पुरता नंबर मिळतो, मग गेट उघडतं. आणि हे सगळं चाळीस दिवसांत व्हावं लागतं. एक्केचाळिसाव्या दिवशी गाडी लिलावाच्या रांगेत जाते. मालक रडो की ओरडो, नियमाला कान नसतात.

या सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे चेसिस नंबर. गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो, सतरा अक्षरं आणि आकडे. तो कागदावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. एक आकडा जरी इकडचा तिकडे झाला, तरी कागदावरची गाडी वेगळी आणि समोरची वेगळी. म्हणून त्या नंबरावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासायची आणि उठलेला ठसा फाईलला लावायचा. ठसा घ्यायचं काम साडूचं. त्याच्याही आधी, गाडी जहाजातून उतरते त्या दिवशी, लँडिंग रजिस्टरात नंबर लिहायचा. ते काम माझं.

नियम असा की रजिस्टरात नंबर लिहिताना गाडीपाशी वाकून, डोळ्यांनी वाचून लिहायचा. आता एका जहाजातून तीन-तीनशे गाड्या उतरतात. प्रत्येकीपुढे वाकायचं म्हटलं तर कंबर सरळ व्हायला पुढचं जहाज उजाडेल. त्यामुळे आम्ही सगळेच जहाजाच्या यादीवरून उतरवून घ्यायचो. यादी तिकडूनच छापून यायची. चुकेल कशाला? आणि माझा हात चालायचाही झपझप. कोणी काही काम घेऊन आलं की मी म्हणायचो, "पाच मिनिटं." त्यावरून बंदरात माझं नावच 'पाच मिनिटं' पडलं. सुरुवातीला मला तो मान वाटायचा.

साडूला सगळे 'पेन्सिल' म्हणत. हा माणूस एका गाडीला पाऊण तास घ्यायचा. आधी रॉकेलच्या फडक्याने नंबर पुसायचा, मग दात घासायच्या जुन्या ब्रशने खाचा साफ करायचा, मग कागद ठेवायचा, मग पेन्सिल. एखादा आकडा पुसट उठला की दुसरा कोणीही शहाणा माणूस कागदांत बघून पेन्सिलने त्याला जरा मदत करतो. मी तरी केली असती. हा करायचा नाही. ती जागा कोरी सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीखाली शिरायचा. आणि या पेन्सिलीला तो कोणाला हात लावू द्यायचा नाही. एकदा मी खूण करायला घेतली तर म्हणाला, "दादा, टोक जाईल." म्हणजे बघा.

तरी रांग त्याच्याच खिडकीपुढे. माझ्या खिडकीत माशी नाही आणि त्याच्यापुढे दहा माणसं ताटकळत उभी. मी हाक मारायचो, "इकडे या, इकडे मोकळं आहे." लोक हसून म्हणायचे, "राहू द्या साहेब, थांबतो आम्ही." त्याच्या हातची फाईल चुकीसाठी वरून परत येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी माझ्या खिडकीत बसून दिवसभर त्या दहा माणसांच्या पाठी बघायचो. पोटात दुखतं म्हणतात ना, ते नुसतं म्हणायचं नसतं, खरंच बरगड्यांच्या खाली दुखतं.

आणि गंमत म्हणजे हे स्थळ मीच आणलेलं. मी बंदरात कारकून लागलो तेव्हा हा यार्डात गाड्या धुवायचा. समुद्राच्या वाऱ्याने गाड्यांवर मिठाचा थर बसतो, तो गोड्या पाण्याने धुवून काढायचं काम. दिवसभर गुडघ्यापर्यंत ओला. गाड्या धुता धुता तो चेसिस नंबर वाचत बसायचा. जुन्या तपासनिसांनी ते बघितलं आणि त्याला ठसे घ्यायला शिकवलं. तोवर माझं लग्न झालं होतं आणि सासरे धाकटीसाठी मुलगा शोधत होते. एक बँकेतला होता, उंच, गोरा, बोलायला चटपटीत. मला तो बिलकुल आवडला नाही. म्हणजे मुलगा चांगलाच होता, पण मोठा जावई मी. त्याच्या शेजारी मी कसा दिसणार? मग मी सासऱ्यांना म्हटलं, आमच्या यार्डात एक गरीब, निर्व्यसनी मुलगा आहे. शेजारचा ठेंगणा असला की आपण उंच दिसतो, एवढाच माझा हिशेब.

लग्न ठरलं त्या दिवशी सासूबाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "आता त्यांना अरेतुरे करू नका हं. जावई आहेत ते." काल ज्याला मी "ए, ती निळी गाडी धू" म्हणत होतो, त्याला आज "तुम्ही चहा घेणार का?" हे मी निमूट शिकलो. त्याला मात्र काही शिकावं लागलं नाही. तो पहिल्यापासून मला दादाच म्हणायचा.

मग सुरू झालं. सासूबाईंचा नळ गळला, याला फोन. सासरे आजारी पडले, शेवटपर्यंत उशाशी हाच. मीही जायचो, पण मी पोचायचो तेव्हा औषध देऊन झालेलं असायचं. माझी मुलगी गणितात अडली की वही घेऊन काकांकडे जायची. मी घरात बसलेला असताना. "बाबा, तुम्ही उत्तर सांगता. काका कसं करायचं ते सांगतात," असं तिने मला तोंडावर सांगितलं, आणि बायको आतून हसली. पन्नाशी उलटली तरी त्याच्या डोक्यावर केस आहेत, सगळे. हेही लिहूनच टाकतो.

त्याच्यात दोष नाहीत असं नाही. एकच विनोद तो बारा वर्षं सांगतोय, गाडीतून उतरलेल्या आणि परत चढलेल्या माणसाचा, आणि प्रत्येक वेळी शेवटाच्या आधी स्वतःच हसतो. दुसऱ्याच्या पुडीतले शेंगदाणे न विचारता खातो. एखादी गोष्ट मनात धरली की कोणाशी बोलत नाही, आपल्याच डोक्याने चालतो. हा शेवटचा दोष पुढे कामाला आला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे मुख्य तपासनीस निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी आमच्यातलाच एक घ्यायचा ठरलं. वेगळी खोली, दारावर पाटी, आणि प्रत्येक फाईलवर शेवटची सही. पात्र दोघंच, मी आणि साडू. आमच्या कचेरीच्या अधिकारी म्हणजे मॅडम. त्या कमी बोलायच्या आणि चपला न वाजवता चालायच्या. त्यांनी सांगितलं, सोमवारी नाव कळवीन, तोवर दोघांचं गेल्या तीन महिन्यांचं काम बघते.

मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते सांगायला लाज वाटते. पगार फारसा वाढणार नव्हता. पण एकदा, फक्त एकदा, मला त्याच्या वरचं व्हायचं होतं, आणि ते घरच्यांनी बघायला हवं होतं. बायकोने तेव्हाच सांगून टाकलं, "मिळाली तर त्यांना मिळेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." ती धीर देत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. नेणार कोण? अर्थात साडू. बुधवार-गुरुवार त्याने रजा घेतली आणि जाताना खणाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "काही लागलं तर बघा दादा. नाही लागलं तर राहू द्या," म्हणाला. दोन दिवस त्याची खिडकी मी सांभाळायची असं मॅडमनी ठरवलं होतं.

गुरुवारी सकाळी एक सुईणबाई आल्या. एकोणीस वर्षं परदेशात नोकरी करून परतलेल्या. येताना आपली छोटी गाडी जहाजातून आणली होती, पांढरी, मागची काच तडकलेली. इथे त्यांना घरोघर बाळंतपणांना जावं लागायचं, आणि गाडी यार्डात अडकलेली असल्यामुळे त्या बस बदलत बदलत फिरत होत्या. मला बघून त्या खिडकीपाशीच थबकल्या.

"ते नाहीत का आज?" त्यांनी विचारलं.

"रजेवर आहेत. बोला ना, काय काम आहे?"

"नाही, मग मी उद्या येते."

"अहो ताई, मीही इथलाच आहे. पाच मिनिटं द्या."

"तसं नाही हो. ते दर आठवड्याला फोन करून सांगतात, गाडी बरी आहे, काळजी करू नका. म्हणून म्हटलं त्यांनाच विचारावं."

फोन! आजवर कुठल्या कारकुनाने गाडीच्या मालकाला असा आपणहून फोन केलाय? मी ताडकन उठलो आणि खण उघडला. आत लाल फितीने बांधलेला फायलींचा गठ्ठा होता. वरचीच फाईल सुईणबाईंची. गाडी उतरून चौतीस दिवस झालेले. सगळे कागद जागेवर, ठसा काढलेला, खाली साडूची सही, आणि फाईल मात्र पुढे पाठवलेलीच नाही.

मी ठसा आणि रजिस्टराची नक्कल शेजारी ठेवून पाहिली. अकरावा आकडा जुळत नव्हता. रजिस्टरात इंग्रजी आठ, ठशात इंग्रजी तीन.

मला जो आनंद झाला तो झाला, आता लपवून काय करू? पेन्सिल चुकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकला, ते त्याला कळलं, आणि सोमवार जाईपर्यंत त्याने फाईल दाबून ठेवली. इतका साधा आणि इतका सुंदर अर्थ मला दुसऱ्या कशाचा लागला नव्हता. फितीखाली अजून सहा फायली होत्या. त्या उघडून बघायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. मी बघितल्या नाहीत. सुईणबाईंना बाकावर बसायला सांगितलं, "तुमची गाडी कोणामुळे अडलीय ते आत्ता कळेल," असंही म्हणालो, आणि फाईल घेऊन मॅडमच्या खोलीत गेलो.

मॅडमनी दोन्ही कागद बघितले. मला वाटलं त्या सहकाऱ्याबद्दल तक्रार म्हणून तोंड वाकडं करतील, म्हणून मी आधीच बोललो, "नातं आहे आमचं, मॅडम. पण काम ते काम." हे मी आदल्या रात्री पाठ केल्यासारखं म्हणालो. त्यांनी फाईल मिटली. टेबलातली टॉर्च घेतली आणि यार्डाकडे चालू लागल्या.

पांढरी गाडी सातव्या रांगेत होती. मॅडमनी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली, साडीचा पदर खोचला आणि स्वतः वाकल्या. यार्डातल्या धुणाऱ्याकडून रॉकेलचं फडकं मागून घेतलं. नंबर पुसला, टॉर्च तिरकी धरली, कागद ठेवून ठसा घेतला. मी मागे उभा राहून त्यांच्या पाठीकडे बघत होतो आणि मनात दारावरची पाटी कुठल्या रंगाची घ्यायची ते ठरवत होतो.

त्या उठल्या. कागद माझ्यापुढे धरला. अकरावा आकडा तीन होता. स्वच्छ, ठसठशीत तीन.

"ठसा बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "रजिस्टर चुकलंय. रजिस्टर कोण लिहितं?"

रजिस्टराच्या नकलेखाली माझी सही होती. मी तिच्याकडे सकाळपासून एकदाही बघितलं नव्हतं. माझी नजर त्याच्या तीनवर खिळलेली, माझ्या आठाकडे कशाला जाईल? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. मी तर टॉर्च घेऊन शोधायला निघालो होतो, आणि मॅडमना बरोबर घेऊन.

वर येऊन त्यांनी तो गठ्ठा मागवला आणि सातही फायली टेबलावर उघडल्या. सातही माझ्या. सगळीकडे तीच गोष्ट. पुसट यादीवरून मी घाईत उतरवलेला आकडा, शेजारी साडूचा खरा ठसा. प्रत्येक फाईलमध्ये त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात दुरुस्तीचं पत्र तयार होतं. "गाडी उतरवली त्या दिवशी यादीची प्रत अस्पष्ट असल्याने नोंदीत फरक राहिला आहे, तरी दुरुस्त करावी." खाली माझ्या सहीसाठी जागा. असं पत्र गेलं की ते ज्याच्या सहीचं, त्याच्या सेवापुस्तकात एक चूक नोंदली जाते. सात पत्रं म्हणजे सात चुका.

"नंबर जुळला नाही तर तीन दिवसांत मला कळवायचं, हा नियम त्यांना तुमच्यापेक्षा चांगला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "यातली एक फाईल महिनाभर खणात आहे. चूक कोणाकडूनही होते. लपवणं वेगळं."

मी उभाच होतो. पाटीचा विषय डोक्यातून केव्हाच गेला होता. आता आहे ती खुर्ची राहते का, एवढंच बघायचं होतं.

"आणि तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच जरा हसल्या. "स्वतःच्या चुकीची फाईल स्वतः उचलून माझ्याकडे आणलीत. सोमवार तोंडावर असताना. मी इतकी वर्षं नोकरी करतेय, असं करणारा माणूस बघितला नव्हता."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. मग मिटलं.

मॅडमनी मला सात पत्रांवर सह्या करायला फायली दिल्या. मी माझ्या टेबलावर जाऊन एकेक सही करत गेलो. सातव्या फाईलमध्ये, पत्राच्या मागे, टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती. मॅडमनी पान उलटलं नसावं. चिठ्ठीवर साडूने लिहिलं होतं, "दादांच्या सह्या सोमवारनंतर घेणे. निवडीआधी पत्रं गेली तर त्यांचं नाव मागे पडेल. पांढऱ्या गाडीचा शेवटचा दिवस बुधवार, विसरू नये."

मी ती दोनदा वाचली. हा माणूस एकदा नियमाबाहेर गेला, तोही माझ्यासाठी. एका बाईची गाडी दोन दिवसांच्या काठावर ठेवून गेला. मला विचारलं नाही, सांगितलं नाही, आपल्याच डोक्याने. मला आधी राग आला. कोणी सांगितलं होतं याला? मी भीक मागितली होती का? स्वतः हरायची तयारी करून हा मला जिंकून देणार होता, आणि मला कधी कळलंही नसतं. मग मी टाचणी काढली, चिठ्ठी खिशात घातली आणि फायली मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

सुईणबाईंची गाडी शुक्रवारी सकाळीच गेटबाहेर पडली, पस्तिसाव्या दिवशी. निघताना त्यांनी काच खाली केली. मला वाटलं आभार मानतील. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा हं, गाडी मिळाली म्हणून."

सासूबाईंना घरी सोडून साडू दुपारी कामावर आला. मॅडमनी त्याला आत बोलावलं, मलाही थांबायला सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "फायली का ठेवल्यात?"

त्याने एकदा टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बघितलं. फीत सुटलेली, पत्रांवर माझ्या सह्या झालेल्या. काय झालं ते त्याला तिथल्या तिथे कळलं असणार. तो ठसे वाचणारा माणूस. माझ्याकडे त्याने मान वळवली नाही.

"राहून गेल्या, मॅडम," तो म्हणाला.

"सात?"

"हो. राहून गेल्या."

खिडकीबाहेर क्रेनचा भोंगा वाजत होता. तो थांबेपर्यंत मॅडमनी वाट बघितली, कदाचित अजून काही बोलेल म्हणून. त्याने गठ्ठ्याची सुटलेली फीत पुन्हा बांधायला घेतली. मीही बोललो नाही. चिठ्ठी तेव्हा घरी, माझ्या दुसऱ्या शर्टाच्या खिशात होती. ती इथे असती तर मी काढून दिली असती, असं मी स्वतःला त्या दिवशी सांगितलं. आज सांगत नाही.

सोमवारी मॅडमनी मी स्वतःची चूक स्वतः आणून दाखवल्याचं सगळ्यांसमोर सांगितलं आणि माझं नाव लागलं. साडूच्या सेवापुस्तकात ताशेरा गेला आणि पुढची पाच वर्षं त्याचं नाव कुठल्याही बढतीला घेऊ नये असं लिहिलं गेलं. पाच वर्षांनी तो निवृत्तच होणार होता. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "बरं झालं दादा. वरची खोली हवेशीर आहे." त्यात टोमणा शोधायचा मी फार प्रयत्न केला. नव्हता.

रविवारी सगळे सासूबाईंकडे जमलो. त्यांच्या डोळ्याची पट्टी निघाली होती आणि त्या प्रत्येकाला जवळ बोलावून नीट बघत होत्या. माझ्या बायकोने सगळ्यांना चहा दिला. मी मोठा साहेब झालो म्हणून मला आरामखुर्ची दिली होती. साडू खिडकीपाशी वेताचा मोडा ओढून बसला होता.

मेहुणीने, म्हणजे त्याच्या बायकोने, मध्येच विषय काढला. बरेच दिवस तिच्या मनात असावा.

"भाऊजी, तुम्ही आता मोठे आहात तिथे, तुम्हीच सांगा," ती मला म्हणाली. "यांनी फायली का दाबून ठेवल्या? मी आठवडाभर विचारतेय, तोंड उघडत नाहीत. या माणसाने आजवर साधी भाजीची पिशवी माझ्यापासून लपवली नाही हो. शेजारी विचारतात, काही खाल्लं-बिल्लं का यांनी. मी काय सांगू?"

 मी कप तोंडाशी नेला. आता बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. बायको समोर, मुलगी समोर, सासूबाई नव्या डोळ्यांनी माझ्याकडेच बघत होत्या.

"अगं, आळस केला," साडू तिकडून म्हणाला. "भाऊजींना कशाला छळतेस? वय झालं, काम होत नाही आता भराभर. साठल्या फायली."

"आळस? तुम्ही?" मेहुणी म्हणाली.

"माणूसच आहे. होतो आळस," तो म्हणाला आणि हसला.

सासूबाईंनी मान हलवली. "मला वाटलं नव्हतं हो तुमच्याकडून," असं त्याला म्हणाल्या, आणि मग जरा वेळाने, "मोठे जावई असे नाहीत." माझी मुलगी काकांकडे बघत होती आणि मग तिने नजर दुसरीकडे नेली. बायको माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली आणि बहिणीला म्हणाली, "मी काही बोलत नाही गं. पण ह्यांनी स्वतःची चूक स्वतः जाऊन दाखवली. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं तसं." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत चारचौघांत तिने असं कधी केलं नव्हतं.

जे हवं होतं ते सगळं एका खोलीत, एका दुपारी मिळालं. साडू मोड्यावर बसून बशीतला चहा पीत होता. त्याचा मान गेला होता, बढती गेली होती, सासूबाईंचं मन गेलं होतं, बायको त्याच्याकडे संशयाने बघत होती. माझ्याकडे नाही असं त्याच्याकडे आता काही उरलं नव्हतं. तरी मी त्याच्याकडे बघत होतो आणि बरगड्यांच्या खाली इतकं दुखत होतं की आधी कधी दुखलं नव्हतं.

बायकोचा हात खांद्यावर तसाच होता. मी तो तसाच राहू दिला. याला चार वर्षं झाली, मी अजून कोणाला काही सांगितलेलं नाही.